कोरड्या दुपारी वाजलेला भोंगा

प्रसेनजीत शिंगे मूळचा पेठ वडगावचा. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वर सोमशेखर यांची दोन खोल्यांची कंपनी आहे, तिथे तो प्रोग्राम लिहितो. कंपनी नदीच्या पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बनवते. खांबावर पेटी, पेटीत तळहाताएवढा बोर्ड, वर भोंगा. पाणी खुणेच्या वर चढलं की भोंगा वाजतो. पहिली पेटी कुरुंदवाडला, नदीकडच्या एका गल्लीच्या तोंडाशी बसवली होती.

बोर्ड इतका लहान, की त्याच्यावर प्रोग्राम तयार करायची सोय नसते. लॅपटॉपवर लिहायचा, बोर्डाच्या चिपला कळेल अशा रूपात तिथेच तयार करायचा आणि नेटवरून पाठवायचा. ही सगळी जुळणी प्रसेनजीतने एकट्याने केली. सोमशेखर यांच्या विंडोजवरून असो की त्याच्या स्वतःच्या लिनक्सवरून, एक बटण दाबलं की प्रोग्राम तयार होऊन बोर्डावर जाऊन बसायचा. चाचणीसाठी टेबलावर तसाच दुसरा बोर्ड होता. त्याला भोंग्याऐवजी लाल दिवा लावलेला.

एप्रिलमधल्या एका दुपारी त्याने चाचणीचा प्रोग्राम पाठवला. त्यात पुराची खोटी पातळी भरली होती. दिवा लागायला हवा होता, लागला नाही. त्याने वायर हलवून पाहिली, पुन्हा पाठवला. तरी नाही. तो वैतागून बोर्ड उलटापालटा करत होता, तेवढ्यात फोन वाजला. कुरुंदवाडच्या शाळेतल्या संयोगिता बाईंचा. पेटीची किल्ली त्यांच्याकडे असायची.

"अहो शिंगे, भोंगा थांबंना झालाय! माणसं पळाल्यात सगळी. पाणी कुठाय? नदी तर तळाला हाय की!"

प्रसेनजीतने स्क्रीनकडे पाहिलं. सकाळी कुरुंदवाडच्या बोर्डावर एक दुरुस्ती पाठवली होती, आणि नंतर टेबलावरच्या बोर्डाचा पत्ता घालायचा राहून गेला होता. त्याच्या टेबलावरचा पूर कुरुंदवाडात वाजत होता.

लॅपटॉपवरूनच भोंगा बंद करून तो गाडीवर निघाला. पोचला तेव्हा माणसं उंचावरच्या शाळेकडून गाठोडी घेऊन परतत होती. "काय पावणं, थट्टा लावलीया व्हय आमची?" एकाने अंगावर येऊन विचारलं. प्रसेनजीत प्रत्येकापुढे हात जोडत राहिला. हळूहळू गल्ली शांत झाली. एका दारातली हाक तेवढी थांबली नव्हती.

"अवं, या की आता! म्हशी सोडल्यात मी!"

गोठा उघडा होता, दावी सोडलेली. दारात एक म्हातारी नदीकडे तोंड करून उभी होती. संयोगिता बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "सोनूबाई. मोठ्या पुरात ह्यांचे मालक, गुंडूतात्या, म्हशी सोडायला मागं थांबले. म्हशी पोहत आल्या. तात्या घावलेच न्हाईत."

प्रसेनजीत जवळ गेला. "आज्जी, भोंगा माझ्या हातनं चुकून वाजला. पाणी न्हाय."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुझ्या हातनं वाजला, पर वाजीव म्हणून सांगितलं कुणी?"

म्हशी शोधून आणायला संध्याकाळ झाली.

त्यानंतर त्याने सगळी जुळणी मोडून नव्याने बांधली. टेबलावरच्या बोर्डाची वाट वेगळी, कुरुंदवाडची वेगळी. पेटीत एक खटका बसवला. तो तिथे उभ्या असलेल्या माणसाने दाबल्याशिवाय नवा प्रोग्राम आत जायचाच नाही. आता चूक होणं शक्य नव्हतं. तरीही पाठवायचं बटण दाबलं की तो टेबलावरच्या बोर्डाकडे टक लावून बसायचा. लाल दिवा लागेपर्यंतच्या तेवढ्या वेळात त्याला सोनूबाईची ती हाक ऐकू यायची. खालच्या क्लासमधली पोरं मोठ्याने हसली, तरी तो दचकायचा.

"अरे, तू तर झोपच सोडलीस," सोमशेखर म्हणाले.

ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं. भोंग्याचं आता कुणी मनावर घेणार नाही, ही धास्ती त्याच्या मनात होती. म्हणून तो आदल्या दिवशीच कुरुंदवाडला जाऊन राहिला. सकाळी भोंगा वाजला, बरोबर खुणेवर वाजला. गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. तो पावसात दारोदार फिरला, कड्या वाजवल्या, ओरडून घसा बसवला. "ह्या बारीला खरं हाय! निघा!" पायरीला पाणी लागलेलं दिसलं तशी माणसं निघाली.

सोनूबाई निघेना. म्हशी तिने आधीच सोडल्या होत्या आणि ती उंबऱ्यावर बसली होती. पाणी तिच्या पावलांवरून जात होतं.

"त्यास्नी येऊ दे. मग येतो मी."

प्रसेनजीतने दंड धरला, तिने झिडकारला. पाणी घोट्याच्या वर आलं. तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "आज्जी, तात्या पुढं गेल्यात. शाळंत बसल्यात."

ती एकदम उठली. शाळेपर्यंत त्याच्या पुढे चालत गेली.

त्या वर्षी गल्लीतलं माणूस एकही गेलं नाही. पण पाणी उतरेपर्यंत सोनूबाई शाळेच्या खोल्याखोल्यांतून फिरत होती, झोपलेल्या पुरुषांच्या तोंडावरची पांघरुणं हळूच उचलून बघत होती. प्रसेनजीत समोर आला की विचारायची, "कुठल्या खोलीत म्हणालास?"

पूर ओसरल्यावर पेटी तपासायला तो पुन्हा गेला, तेव्हा ती खांबाशीच बसलेली होती. तोच प्रश्न. खरं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि तो म्हणाला, "शेवटच्या."

"तरीच. त्या खोलीला कुलूप हुतं."

ती तरातरा शाळेकडे निघाली. शाळा भरलेली होती. शेवटच्या खोलीत मात्र वर्ग नव्हता, नदीकडच्या इमारतीतून आणलेले, पुरात भिजलेले बाक रचून ठेवले होते. संयोगिता बाई वर्गातून बाहेर आल्या, पण त्यांनी अडवलं नाही. सोनूबाईने खिडकीच्या गजांना कपाळ लावलं आणि बराच वेळ आत पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला.

"बसल्यात की," ती हलक्या आवाजात म्हणाली. "भिजल्यात नुसतं." मग खिडकीपासून न हलता तिने त्याला हात केला. "ये, बघ."

प्रसेनजीत खिडकीपासून दोन पावलांवर उभा होता. तो पुढे गेला नाही.