बाबांचं दुकान मी आवरलं त्याची गोष्ट

विमानतळावर बाबा सगळ्यांत उशिरा पोचले. आई आणि मी दोन तास आधीच येऊन बसलो होतो. बाबा लकडगंजच्या दुकानातून थेट आले, हाताला वार्निशचा वास घेऊन. एप्रिल चालू होता, आणि एप्रिलमध्ये नागपुरात कूलरच्या मोटारी धडाधड जळतात. त्या दिवसांत मोटार वाइंडिंग करणाऱ्याला, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार गुंडाळणाऱ्याला, पाणी प्यायलाही फुरसत नसते. आईच्या डोळ्यांना धार लागली होती. बाबा तिला म्हणाले, "काहून रडून राहिली वं? पोरगी कामाले चालली." मग माझ्याकडे वळून, "तिथले लोक कसं करते ते आधी पाहजो. मंग हात लाव."

जपानमध्ये मी हे अगदी पाळलं.

नागोयाजवळच्या एका गावात, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी रुजू झाले. तिथं पाच शब्दांवर सगळा कारभार चालायचा: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. आपल्या भाषेत सांगायचं तर नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडा-पुसा, रोज तसंच राखा, आणि कोणी न सांगता राखा. आमचे साहेब मोरिता-सान बाबांच्याच वयाचे. रोज सकाळी दहा मिनिटं तेही आमच्याबरोबर झाडू मारायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाच्या खणातल्या निम्म्या वस्तूंवर त्यांनी लाल चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठीवर एकच प्रश्न: हे लागतं का? आईनं दिलेल्या तिखटाच्या पुडीवरही चिठ्ठी होती. मी म्हटलं, लागतं. त्यांनी पुडीचा वास घेतला, तीनदा शिंकले आणि मुकाट्यानं चिठ्ठी काढून घेतली.

हळूहळू ते सगळं अंगात मुरलं. खोलीतल्या चपला एका रेषेत लागल्या, डब्यांवर नावं आली. आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांच्या मागं दिसणारं दुकान मला खुपू लागलं. तारांची भेंडोळी, जळकी कॉइलं, पान्यांचा ढीग, फळीवर कोंबलेले कागद. आमचं घराणं विणकरांचं. आजोबांनंतर माग बंद पडला आणि बाबांच्या हातात सुताऐवजी तांब्याची तार आली. एवढा कसबी माणूस असल्या पसाऱ्यात का बसतो, असं मला वाटायचं. खरं सांगते, थोडी लाजही वाटायची.

दोन वर्षांनी मार्चमध्ये सुट्टीवर आले. बाबा एका लग्नासाठी तीन दिवस उमरेडला गेले आणि मी दुकानाची चावी घेतली. आई म्हणाली, "त्याईले विचारलं का?" मी म्हटलं, "सरप्राइज आहे."

तीन दिवस मी राबले. भिंतीला पांढरा रंग, त्यावर फळा, फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती काढून त्या जागी पाना. तारेची रिळं जाडीप्रमाणे. जे लागत नाही असं वाटलं ते भंगारात आणि रद्दीत. फोटो काढून मोरिता-सानना पाठवले.

बाबा दारात उभे राहिले ते बघतच राहिले. "बाप्पा! दवाखाना करून टाकला ना वं!" ते मनापासून हसले. शेजारच्या दुकानदाराला हाक मारून आत आणलं, सगळं दाखवलं.

दुपारी आमच्या नंदनवन वस्तीतल्या एक मेसवाल्या बाई हॉलच्या कूलरची मोटार घेऊन आल्या. कॉइल जळून नुसता गोळा झाला होता. बाबांनी मोटारीवरचं नाव वाचलं आणि वरच्या फळीकडे हात नेला.

"इथले पुठ्ठे कुठी ठेवले?"

"कोणते?"

"साबणाच्या खोक्याचे. लिहिलेले."

जुन्या खोक्यांचे ते फाटके तुकडे मी आदल्या दिवशीच रद्दीत दिले होते. त्यावर पेन्सिलीनं आकडे होते, पण मला वाटलं, कुठले तरी हिशेब. ते वेढ्यांचे आकडे होते. कोणत्या मोटारीत कोणत्या जाडीची तार, किती वेढे, कितव्या खाचेतून कितव्या खाचेत. कॉइल धड असेल तर वेढे मोजता येतात. गोळा झाला की तो पुठ्ठाच आधार. तीस वर्षांत एकेक मोटार उघडून बाबांनी ते जमवले होते.

स्कूटरवरून आम्ही रद्दीवाल्याकडे धावलो. माल सकाळीच कागद कारखान्याला गेला होता.

परतताना बाबांनी उसाच्या रसाच्या गाडीजवळ स्कूटर थांबवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडत होते. ते म्हणाले, "बरंचसं मले तोंडपाठ आहे, त्या बाईच्या मोटारीचं बी. रस पी." थोड्या वेळानं अगदी सहज म्हणाले, "पण पाने सारे उजव्या हाताले काहून लावले वं? मी डावरा हाव ना."

पुठ्ठ्यांपेक्षा मला हे जास्त लागलं. दोन वर्षांत मी कोणासमोर किती वाकायचं हेसुद्धा शिकले होते, आणि माझा बाप डावखुरा आहे हे विसरले होते.

संध्याकाळी मोरिता-सानचं उत्तर आलं. फोटो छान आहेत, आणि खाली एक प्रश्न: चिठ्ठ्या लावताना तिथं काम करणारा माणूस हजर होता का?

उरलेल्या सुट्टीत रामटेकला जायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. दोन वह्या घेऊन मी बाबांच्या शेजारी स्टुलावर बसले. ते हातातलं काम करत, मध्येच डोळे मिटत आणि आकडे सांगत. मी दोन्ही वह्यांत लिहून घेई. एखादा आकडा अडला की त्यांचा डावा हात हवेतच तार गुंडाळायचा आणि आकडा यायचा. कधी नाही यायचा. मग मी मोटारीचं नाव लिहून बाकीचं पान कोरं सोडायची, तसं एका शाळेच्या कूलरच्या मोटारीचंही सोडलं. फळा आम्ही मिळून पुन्हा लावला, डावीकडे, त्यांच्या बसण्याच्या उंचीवर. पांढरा रंग मात्र त्यांना आवडला.

एक वही दुकानात राहिली, एक माझ्याबरोबर आली.

त्याला आता तीन उन्हाळे झाले. घर कुठं, असं इथं कोणी विचारलं की मी आधी नंदनवनाचा पत्ता सांगायची. हल्ली सांगताना अडखळते. इथल्या खोलीत मी रमले आहे, खोटं कशाला बोलू? पण परवा जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन आला. मागं दुकानातला ठोकण्याचा आवाज, आणि त्यावर चढलेला त्यांचा आवाज: "सापडली वं! ते शाळेच्या कूलरवाली मोटार. कॉइल धड आहे, आत्ताच मोजले. लिहून घे."

ती मोटार जपानात कधीच येणार नाही. त्यांच्या वहीत आकडा गेला की काम झालं. माझ्या वहीत तो असण्याचं काही कारण नाही. हे त्यांनाही माहीत आहे. मी हातातला घास खाली ठेवला, वही उघडली आणि लिहून घेतलं. त्यांनी दोनदा वाचून दाखवायला लावलं. अजून एकोणीस पानं कोरी आहेत.