अंगावरचा टाका

आधीच सांगून टाकते — मी असल्या गोष्टींवर हसणारी बाई आहे. इथे या ग्रुपवर येणारे भुताखेतांचे अनुभव मी वाचते, नाही असं नाही, पण चहाबरोबर खारी खावी तसे. कुणाला वळणावर कोण दिसलं, कुणाच्या गाडीत मागे कोण बसलं... वाचायचं, "चल, काहीतरीच" म्हणायचं आणि कामाला लागायचं. आमचे अण्णा परभणीकडचे, बौद्ध, विचारांचे पक्के. अंगारा, उतारा, नजर काढणं — कशालाच त्यांनी घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. "तपासून बघ, मग मान" हे त्यांचं पालुपद. अण्णा आता नाहीत. आणि मी जे लिहितेय ते मी तपासून बघितलंय, हाच तर खरा घोळ आहे.

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या आतल्या गल्लीत आमचं वन बीएचके. मी, आई आणि माझी धाकटी बहीण प्रणाली, म्हणजे आमची प्रणू. माझा धंदा ऑनलाइन. लोकांचे वापरलेले कपडे घ्यायचे, धुवायचे, इस्त्री मारायची, फोटो काढून पेजवर टाकायचे, विकायचे. थ्रिफ्ट म्हणतात आता त्याला. आई म्हणते, बोहारणीचंच काम, फक्त भांडी नाहीत. प्रणू पोलीस भरतीची तयारी करतेय. लेखीत ती यथातथाच, पण ग्राउंडला — म्हणजे धावण्याच्या परीक्षेला — तिला तोड नाही. रोज सकाळी पळून यायची आणि दारातूनच "आई, भूक" म्हणून ओरडायची. ती वर्दीत दिसावी ही अण्णांची शेवटची इच्छा, त्यामुळे तिचा दम हीच आमच्या घरातली सगळ्यात मोठी मिळकत.

माझ्या कपड्यांची मॉडेल तीच. आता सेकंडहँड कपडा काही तिच्या मापाचा येत नाही. सैल दिसला की लोक स्क्रोल करून पुढे जातात. बाकीच्या बायका मागून पिना लावतात, पण पिनेने सिल्कला भोकं पडतात. म्हणून मी कपडा तिच्या अंगावर असतानाच मागच्या बाजूने कच्चे टाके घालते, समोरून फोटो काढते, मग दोरा ओढून घेते आणि शेवटी कपडा उतरवते. आधी दोरा, मग कपडा... हा क्रम ठरलेला.

आईला हे अजिबात आवडायचं नाही. ज्या घरात देवाचा फोटो नाही त्या घरातली बाई, पण एवढी एक गोष्ट तिने माहेराहून आणलेली — अंगावर असलेला कपडा शिवायचा नाही. तसा फक्त मयताला शिवतात. शिवायचाच झाला, तर ज्याच्या अंगावर शिवतोय त्याने दातात दोरा धरायचा. म्हणजे हा जिवंत आहे, काहीतरी चावतोय, हे कळतं. कुणाला कळतं, असं मी मुद्दाम विचारायचे. "ज्याला कळायचं त्याला," म्हणायची आणि कुकरकडे वळायची. प्रणू बिचारी आईच्या समाधानासाठी दोऱ्याचा तुकडा दातात धरायची, शेळीसारखी चघळत मला डोळा मारायची.

तो गाऊन ॲपवर दिसला. मोरपंखी रंग, गळ्याला बारीक जरीकाम, साखरपुड्याला घालतात तसा. पत्ता तारोडीचा. असा कपडा कुरियरने मागवत नाही मी, हाताने बघून घेते. म्हणून स्वतः गेले — उत्तनच्या बसने, पुढे रिक्षाने. ॲपवर टाकला होता सुनेने, पण पिशवी घेऊन बाहेर आल्या त्या सासूबाई. साठीच्या आसपासच्या कोळीणबाई, कमरेला नऊवारी घट्ट, चेहरा मात्र दमलेला. भाव-ताव काही नाही. एवढंच म्हणाल्या, "बाय, फोटूत मानूस नको. नुसता हँगरला लाव." मी "हो हो मावशी" म्हटलं. असं बरेच जण सांगतात, ओळखीच्यांना कळू नये म्हणून. पण हँगरवरचा कपडा कोण घेतो हो? हँगरवर काय, पोतंही लटकतं.

फोटो काढायचा दिवस शनिवार होता, भर दुपार, खिडकीतून छान उजेड. गाऊन प्रणूला कमरेत बराच सैल. टाके घालायला लागले तेव्हा दिसलं की दोन्ही बाजूंना आधीच सुईची बारीक भोकं आहेत. एक रांग, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी... कुणीतरी हा गाऊन पुन्हा पुन्हा आत घेत गेलेलं. मला तर बरंच झालं, त्याच भोकांतून माझा हिरवा दोरा घातला. आई बाजारात गेली होती म्हणून प्रणूने दातात काही धरलं नाही. फोटो सुंदर आले. तेवढ्यात तिच्या क्लासची वेळ झाली, तिने घाईने पाठीची चेन उघडली आणि टाक्यांसकट गाऊनमधून बाहेर पडली. मी नंतर टेबलावर बसून दोरा काढला. जाता जाता प्रणू म्हणाली, "ताई, किती घट्ट केलेलंस गं." मी तर बोटभर जागा सोडली होती.

संध्याकाळी फोटो पेजवर टाकला. पहिलीच कमेंट — मॉडेल आजारी आहे का? मी चिडले. हिच्या दंडात काय ताकद आहे बघायला ये म्हणावं. मग दुसरी, तशीच. इतक्या अशक्त मुलीला कशाला उभं करता म्हणून एकीने तर मला झापलंच. मी फोटो पुन्हा पुन्हा बघितला. मला आमची प्रणूच दिसत होती, गुबऱ्या गालांची, हसणारी. कमेंट्स बंद करून टाकल्या.

दोन-तीन दिवसांनी प्रणू ग्राउंडवरून चालत आली. पळत नाही, चालत. भूक म्हणून ओरडली नाही. म्हणाली, "अर्ध्यातच दम लागला, कमरेला कुणी दोरी आवळल्यासारखं होतंय." मी म्हटलं, गॅसेस असतील, वडापाव कमी कर. पण रोज तिचं अंतर कमी होत गेलं. मग जिना चढताना थांबायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. टेन्शन असेल म्हणाले. ज्या पोरीला टेन्शन म्हणजे काय ते माहीत नाही, तिला टेन्शन!

मध्येच गाऊन वसईच्या एका बाईंनी घेतला आणि परत पाठवला. फोनवर भडकल्याच. "फोटो में कुछ और, घर पे कुछ और! अंदर से सिलाई मारके बेचते हो?" पार्सल उघडलं. दोन्ही बाजूंना टाके होते... पांढऱ्या दोऱ्याचे. मी हिरवा वापरला होता आणि तो माझ्या हाताने काढला होता. वाटलं, त्या बाईंनीच टाके घालून बघितले असतील आणि वर माझ्या नावाने खडे फोडतायत. कात्रीने टाके कापले, गाऊन कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला तर टाके जागच्या जागी. आधीपेक्षा आत, दुसऱ्या रांगेत.

मी आईवर ओरडले. मला धडा शिकवायला तूच हे करतेयस ना, म्हटलं. आईने चष्मा लावला, गाऊन उजेडात धरला, टाक्यावरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाली, हा माझा हात नाही, इतकी बारीक शिवण मला जन्मात जमली नाही. आणि तिने आत जाऊन प्रणूचा टी-शर्ट वर केला. माझ्या बहिणीच्या कमरेला दोन्ही बाजूंना लाल ठिपक्यांची रांग होती. मुंगीने चावत चावत जावं तशी, पण सरळ. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

"ज्याचा टाका त्याला विचार," आई म्हणाली.

तारोडीला मावशी ओट्यावरच बसल्या होत्या. मी पिशवीतून गाऊन काढला, तशी त्यांची नजर थेट टाक्यांवर गेली. हात लावला नाही. विचारलं, "कोनाच्या अंगाव शिवलास?" मी सांगितलं, बहिणीच्या. "दोरा अंगाव असताना काढलास का उतरवून?" उतरवून, म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी, जागृती. साखरपुडा ठरला, गाऊन आला, आणि पोर आजारी पडली. पाहुण्यांना सांगायचं नाही असं घरात ठरलं, बरी होईल म्हणून. ती बारीक होत गेली तसा मावशी गाऊन आत घेत गेल्या. पोरीला सारखं उठवून कपडे काढायला-घालायला लावायचं जिवावर यायचं, म्हणून अंगावरच शिवायच्या. आणि गाऊन घातला की ती पोर म्हणायची, आये, जरा उसव, श्वास पुरत न्हाय. मावशी म्हणायच्या, थोडा वेळ कळ काढ, पाहुणे येतील, अंगासरशी दिसू दे. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ती तशीच गेली. गाऊन उतरवला तो टाक्यांसकट. घरात ठेवू नये म्हणून सुनेने विकायला काढला, तेव्हा टाके त्यांनी काढले... मांडीवर घेऊन.

मी पाया पडले त्यांच्या. मी, अण्णांची मुलगी. म्हटलं, मावशी, माझी बहीण गुदमरतेय, काहीतरी करा. त्या आत जाऊन पदर सारखा करून आल्या आणि माझ्याबरोबर भाईंदरला निघाल्या.

प्रणूला तो गाऊन पुन्हा घालायचा, हे ऐकून आई आधी नकोच म्हणाली. अंगावर घातलेला टाका अंगावरच उसवावा लागतो, असं मावशींचं म्हणणं. प्रणू म्हणाली, "घाला काय घालायचं ते, मला फक्त श्वास घेऊ द्या." चेन लावली तेव्हा तिचे ओठ निळसर पडले. आईने तिच्या दातात दोरा दिला. मावशी तिच्या मागे गुडघ्यावर बसल्या आणि सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायला लागल्या. दर टाक्याला पुटपुटत होत्या, "उसवते बाय, उसवते." एक बाजू मोकळी झाली तसा प्रणूचा खांदा खाली आला. दुसरी बाजू अर्धी झाली आणि तिने असा लांब श्वास घेतला की आई भिंतीला टेकून रडायलाच लागली. मीही रडले, लाज कसली त्यात.

शेवटचा टाका राहिला. डाव्या बाजूचा. तिथे मावशींचा हात थांबला.

मी म्हटलं, मावशी, तेवढा एक. त्यांनी सुई खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. "येवडा ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "येवडाच हाय माज्याकडं तिचा."

मी हातापाया पडले, आई पडली. प्रणूच म्हणाली, राहू दे ताई, मला आता बरं वाटतंय. आणि खरंच तिला बरं वाटत होतं, गालांवर रंग आला होता. मावशींनी चेन उघडली, त्या एका टाक्यासकट गाऊन उतरवून घेतला, घडी करून पिशवीत घातला आणि निघून गेल्या. थांबवायला हवं होतं का? कसं थांबवणार... कुठल्या तोंडाने?

प्रणू पुन्हा पळतेय. ग्राउंड जवळ आलंय. कमरेवरचे ठिपके गेले, एक सोडून. शेवटच्या फेरीत डाव्या बाजूला काहीतरी ओढतं म्हणते, सुईएवढं. डॉक्टरांना तिथे काही सापडत नाही. काही दिवस ते जास्त ओढतं, पार वाकायला लावतं. अशा दिवशी मी उत्तनची बस पकडते. दर वेळी मावशी ओट्यावर असतात, गाऊन मांडीवर आणि बोट त्या टाक्यावर. मला चहा देतात, माझ्या बहिणीची चौकशी करतात, मनापासून करतात. "उद्या येतंय, उसवते," म्हणतात. त्या येत नाहीत. रागवायला जावं तर रागवताही येत नाही मला.

यावर माझ्याकडे काही स्पष्टीकरण नाही. अण्णा असते तर त्यांनी काय तपासलं असतं, कोण जाणे. मी आता कपडे हँगरवरच लावते. धंदा निम्म्यावर आलाय, येऊ दे.

पण हे लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. परवा मावशींच्या सुनेचा फोन आला. सासूबाईंना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, तब्येत बरी नाही. मी विचारलं, गाऊन कुठाय? ती म्हणाली, उशाशीच घेऊन आहेत. म्हणाली, आम्हाला सांगून ठेवलंय त्यांनी, मी गेले की हा माझ्याबरोबर द्या, तसाच, उसवू नका. मी आणि प्रणू उद्या सकाळीच तिथे जातोय. प्रणूला दातात धरायला आईने दोरा आताच काढून ठेवलाय.