दरीतली संकष्टी

"आज नको मला पोळी," असं बाबा तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझं डोकंच फिरलं. बाबा म्हणजे माझे सासरे. उन्हाळ्याच्या शेवटी माझं पोटाचं ऑपरेशन झालं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे विमान झेपेना, म्हणून हेच पुण्याहून ड्रेस्डेनला आले आणि मला भाजीची पिशवीसुद्धा उचलू देईनात. डॉक्टर म्हणाली, आता चालायला लागा. नवरा ऑफिसला, म्हणून ऑक्टोबरातल्या एका कोरड्या दिवशी आम्ही दोघंच एल्ब नदीकाठच्या दऱ्यांत गेलो.

दोन्हीकडे पिवळट दगडाचे उभे कडे, पायाखाली नुसती वाळू, पाण्याचा टिपूस नाही. वाळवंटच म्हणावं, फक्त थंडी मरणाची आणि वरून बर्चची पिवळी पानं गळत होती. सॅक बाबांच्या पाठीवर. मी हात लावला की "हं!" करायचे.

"सकाळपासून पोटात काही नाही. डायबेटिसची गोळी घेतलीत ना?"

"ती कशी चुकवीन?"

"मग खा की!"

"अगं, संकष्टी आहे. चंद्रोदयापर्यंत काही नाही."

कर्म माझं! गोळी घेऊन कडकडीत उपास! मी नको नको ते बोलले. माझ्या आईला हाच आजार होता, पुढे काय होतं ते मला पाठ होतं. आणि झालंही तसंच. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. "स्वारगेटची गाडी गेली का गं?" म्हणाले आणि वाटेतच कोसळले.

मी सॅक काढून त्यांना बखोटीला धरून ओढत कड्याला टेकवलं. मोबाइलला रेंज नाही. थर्मासमध्ये चहा, तोही त्यांच्यासाठी मुद्दाम बिनसाखरेचा. पोळीचा तुकडा ओठाशी नेला तर दात घट्ट मिटले. मी जिवाच्या आकांताने मदतीसाठी "हिल्फं! हिल्फं!" ओरडत सुटले.

वळणावरून एक बाई धावत आली. "त्सुकर! साखर!" एवढंच मला सुचलं. तिने जॅकेटच्या खिशातून रंगीत जेलीच्या अस्वलांची पुडी काढली. त्या जेलीत काय असतं ते मला ठाऊक होतं. बाबांनी जन्मात अंडं शिवलं नव्हतं.

मी दातांनी तुकडे तोडले आणि म्हटलं, "बाबा, गूळ आहे. उपासाला चालतो." त्यांनी तोंड उघडलं. एकेक तुकडा चावून गिळेपर्यंत माझा जीव टांगणीला. हळूहळू घाम थांबला, नजर ठरली. बाई मदत आणायला खाली पळाली.

"गूळ कसला हा? चिवट."

खोटं बोलायला जीभ रेटेना. "गूळ नाही, बाबा. त्यात जनावरांच्या कातडी-हाडांचा अर्क असतो."

"म्हणजे मोडला उपास."

"मोडला. रागवा हवं तर. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन."

त्यांची नजर वाटेकडे गेली. वाळूत त्यांना ओढल्याची खूण होती.

"इथवर त्या बाईनं आणलं मला?"

"ती नंतर आली. मीच ओढलं."

"एकटीनं? टाके दुखले नाहीत?"

मी पोटावर हात ठेवला. इतका वेळ आठवणही झाली नव्हती. "नाही," म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

"उपास तुझ्यासाठीच धरला होता गं," बाबा म्हणाले. मग शेजारी पडलेली सॅक त्यांनी माझ्याकडे सरकवली. "घे. आता तूच घे."