वहिनीचा बॉक्स

माझा दादा गिटारच्या स्पीकरचे बॉक्स बनवतो. चाळीस वर्षं तेच करतोय. गिटारवाली सगळी मंडळी त्याला बॉक्समास्तर म्हणतात, आणि त्याच्या दुकानात खरेदीला जाणं म्हणजे नोकरीच्या मुलाखतीला जाणं. प्रश्न दुकानदार विचारतो, घाम गिऱ्हाइकाला फुटतो.

"ठेवणार कुठे? खोली केवढी? खाली फरशी की लाकूड? भिंतीला चिकटवणार की पुढे घेणार?"

"मला फक्त शंभर वॅटचा हवाय हो," गिऱ्हाईक काकुळतीला येतं.

मग दादा चष्मा कपाळावर चढवतो. "वॅट बघून बॉक्स घेणं म्हणजे वजन करून चप्पल घेणं. बसा."

त्या बिचाऱ्याला बसवून एकच गिटार तो तीन बॉक्सवर वाजवून दाखवतो. पहिला पाठ बंद असलेला, त्याचा आवाज सरळ छातीवर येतो. दुसऱ्याची पाठ अर्धी उघडी, त्यामुळे आवाज मागूनही निघतो आणि खोलीभर पसरतो. तिसरा भुश्शाच्या फळीचा, तो वाजतो पण बोलत नाही. "वाजवणारा तोच, गिटार तीच. मग बदललं काय? लाकूड, पाठ आणि कागद." कागद म्हटलं की लोक गोंधळतात, म्हणून मीच सांगते. स्पीकरच्या पोटात कागदाचा कोन असतो, हवा हलवतो तो तोच. नवा असताना ताठ असतो. वर्षानुवर्षं वाजला की जरा सैलावतो आणि मग कुठे माणसात येतो.

हे सगळं मला ठाऊक, कारण बॉक्सच्या तोंडावरचं कापड मी ताणते. लग्न केलं नाही, दादा-वहिनीच्याच घरात राहिले, आणि फुकट खाते असं कुणी म्हणू नये म्हणून हे काम शिकले. कुणी म्हणणार नव्हतंच. वहिनीने तर जन्मात म्हटलं नसतं.

दुरुस्तीला आलेल्या बॉक्सबद्दल दादाचा एक नियम होता. आधी ऐकायचं, मग उघडायचं. स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्याआधी तो अर्धा तास खुर्चीत बसून बॉक्स ऐकायचा. "बिघाड कुठला आणि गोडवा कुठला, हे डोळ्यांना कळत नाही," म्हणायचा. एकदा एका घाईतल्या गिऱ्हाइकाने "अहो, दिसतंय ना फाटलेलं, टाका बदलून" असं म्हटलं, तर दादाने बॉक्स उचलून त्याच्या गाडीत परत ठेवला होता.

वहिनी गिटार वाजवायची. स्टेजवर वगैरे कधी गेली नाही. शाळेत मुलांना शिकवायची आणि रोज दुपारी चारला घरी येऊन स्वतःसाठी वाजवायची. तिचा बॉक्स दादाने लग्नाआधी बनवलेला, अगदी पहिला. मोडीत काढलेल्या कपाटाच्या पाइनच्या फळ्या, अर्धी उघडी पाठ, बारा इंची स्पीकर. पुढे पाठीच्या फळीला तडा गेला, आणि कागद कडेला फाटला. त्यामुळे सगळ्यात जाड तार वाजली की सुराच्या शेपटीला बारीकशी घरघर यायची. दादाला ती सहन होत नसे.

"दे, बदलून टाकतो," दर दोन महिन्यांनी तो म्हणायचा.

"हात लावून तर बघ," वहिनी म्हणायची. "लोकांची घरं सुरात आणतोस, माझं राहू दे असंच."

माझी भाची, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, त्या घरघरीतच वाढली. शाळेतून येताना जिन्यात ती ऐकू आली की "आई आली" म्हणून दप्तर तिथेच टाकून वर धावायची.

वहिनी आजारी पडली तेव्हा भाची दूर होती, नोकरीच्या प्रशिक्षणात, आणि महिनाअखेर तिची परीक्षा होती. डॉक्टर म्हणाले, दोन महिने तरी हातात आहेत. दादाने ठरवलं, परीक्षा होऊ दे, मग सांगू. पोरीचं वर्ष कशाला घालवायचं? मीही मान डोलावली. आज ती मान पिरगाळावीशी वाटते. वहिनीने दोन महिने काढलेच नाहीत, तीन आठवड्यांत गेली. शेवटचा पेपर झाल्यावरच आम्ही भाचीला कळवलं. परीक्षेच्या हॉलमधून निघाली ती थेट घरी आली, आणि घरात आई नव्हती. ती ओरडली नाही, भांडली नाही. आईची गिटार घेऊन निघून गेली, आणि पुढे वर्षभर फोन केला तो फक्त मला.

मग एका सकाळी तिने दादाला फोन केला. "बाबा, आईचा बॉक्स न्यायला येतेय, पुढच्या रविवारी. मला बाकी काही नको."

वर्षाने लेकीने "बाबा" म्हटलं होतं. त्याच दुपारी त्याने बॉक्स टेबलावर घेतला आणि पाठीचे स्क्रू काढायला लागला.

"दादा, आधी वाजवून तर बघ."

"नको."

"तुझाच नियम आहे ना?"

त्याने मान वर केली नाही. "मला ऐकवणार नाही गं," म्हणाला.

मी काय बोलणार? वर्षभर तो बॉक्स चालू करायची हिंमत माझीही झाली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं मी त्याला एरवी तोंडावर सुनावलं असतं. त्या दिवशी नेमकी गप्प बसले.

आठवडाभर दादा तिशीतल्यासारखा राबला. नवा स्पीकर आणला, अॅम्प्लिफायरशी त्याचा ओहम, म्हणजे विजेचा अडथळा, जुळवून. तडकलेली पाठ काढून उत्तम प्लायवूडची बसवली, सांधे सरसाने पक्के केले, कोपरे घासले. मी नवं कापड ताणलं. इतकं सुरेख बसलं की एक चुणी शोधून सापडली नसती. कामाच्या नादात दादा शीळ घालत होता, आणि मला बरं वाटत होतं. पाठीची जुनी फळी आणि जुना स्पीकर भंगारवाला घेऊन गेला. मीच त्याला हाक मारली होती.

भाची आली. वाळली होती, पण दारातच दादाच्या पाया पडली, नि मला वाटलं, सुटलं सगळं. स्टूल ओढून तिने सोबत आणलेल्या आईच्या गिटारच्या तारा जुळवल्या आणि वहिनी रोज सुरुवातीला वाजवायची तो संथ सराव धरला. आवाज भरदार आला, स्वच्छ, गोल. दादाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

भाची मधेच थांबली. सगळ्यात जाड तार तिने एकदा छेडली. परत छेडली. मग वाकून कान कापडाला लावला आणि तिसऱ्यांदा छेडली.

"बाबा, घरघर कुठे गेली?"

"काढून टाकली!" दादा खुशीत म्हणाला. "कागदच फाटला होता. आता बघ, नवा स्पीकर, नवी पाठ, वीस वर्षं काही होत नाही." आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"जुना स्पीकर कुठंय?"

तेव्हा दादाच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. आम्ही तिघं भंगारवाल्याकडे गेलो. त्याने चुंबक आणि तांबं काढून घेतलं होतं. "कागद होता हो एक काळा, त्याचं काय करायचं? गेला कचऱ्यात," तो म्हणाला. तरी दादा दहा मिनिटं त्याच्या ढिगाऱ्यात हात घालत होता.

घरी येऊन त्याने मी ताणलेलं कापड उचकटलं आणि खणातून ब्लेड काढलं. "इथेच होती फाट. दीड बोट. मी तशीच पाडून देतो." ब्लेड नव्या कागदावर टेकलंही.

भाचीने त्याचं मनगट धरलं. "नको बाबा. तसं नाही होणार, तुलाही माहितेय."

"करून तर बघू."

"आई भेटली नाही, निदान तिला ऐकता येईल, म्हणून आले होते मी." तिचा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर मी भांडले असते. "आई जात होती तेव्हा माझं भलं तू ठरवलंस. आत्ताही तूच ठरवलंस. एकदा तरी मला विचारायचंस रे."

दादाने ब्लेड खाली ठेवलं. तिने त्याचा हात जरा वेळ हातात धरून ठेवला, ते मी पाहिलं. पण संध्याकाळच्या गाडीने ती गेली, आणि बॉक्स घेऊन गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने दुकान उघडलं, पण कामाला हात लावेना. मोबाइलमध्ये वहिनीच्या वाजवण्याचे दोन तुकडे आहेत, ते त्याने लावले. त्यात भांड्यांचा आवाज जास्त, आणि जाड तार तर ऐकूच येत नाही.

"तुला आठवतेय का गं ती घरघर?" त्याने विचारलं.

"न आठवायला काय झालं?" मी म्हटलं, आणि तोंडाने काढून दाखवली. तो म्हणाला, अशी नव्हती, जरा खालची होती. मग त्याने काढली. मी म्हटलं, छे, ही तर मधमाशी झाली. साठी उलटलेली आम्ही दोघं भावंडं दुकानात समोरासमोर बसून तोंडाने घरघरत होतो. रस्त्यावरचा एक माणूस थांबून बघत होता, बघेना का. मी पुन्हा काढली, त्याने पुन्हा काढली, दर वेळी ती जरा वेगळीच निघायची.

"थांब," दादा म्हणाला. त्याने डोळे मिटले, कान दिल्यासारखी मान कलती केली, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

मग डोळे उघडून म्हणाला, "कालपर्यंत होती गं. आता मलाही आठवत नाही."