कटपीसची दिवाळी

चौसाळ्याच्या पेठेत वीरभद्रआप्पा शेट्यांचं कापडाचं दुकान कुठं आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. भांडण ऐकू येईल तिकडं वळायचं. आप्पा गिऱ्हाइकाशी भांडतात, एसटीच्या हॉर्नशी भांडतात आणि समोर कुणीच नसलं तर पंख्याशी भांडतात. वय सदुसष्ट. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि तोंड असं की पूजेवरून उठल्यावर पहिली शिवी बाहेर पडायला अकरा मिनिटं लागतात. हे शांतादेवींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घड्याळ लावून बघितलेलं आहे.

असल्या माणसानं कुत्री पाळली म्हटल्यावर गाव हसणारच. पण आप्पांना तसं म्हणून बघा! लगेच कानावर हात. "कुणाची कुत्री? आपली न्हाई बाबा. दुकानापुढं बसती, इतकंच." ही दुकानापुढं बसणारी कुत्री गेली नऊ वर्षं गल्ल्याशेजारच्या गादीवर झोपते. पिल्लू असताना ती कटपीसच्या ढिगात शिरून बसली होती. एका बाईनं ब्लाऊजपीस समजून तिची शेपटी ओढली, तेव्हापासून तिचं नाव कटपीस पडलं. सकाळी दुधात कुस्करलेली भाकरी, दुपारी आप्पांच्या ताटातला भात, अंडं तर तिनं जन्मात बघितलं नाही. टारगट पोरं विचारायची, "आप्पा, हिला दीक्षा दिली का न्हाई अजून?" आप्पा म्हणायचे, "तुज्यापेक्षा लायक हाय बे ती. निदान गप तरी बसती."

आता दिवाळीचं सांगायचं तर चौसाळ्यात लक्ष्मीपूजन म्हणजे निम्मी लक्ष्मी आणि निम्मी खुन्नस. पूजा झाली की प्रत्येक दुकानदार आपल्या दारात फटाक्यांची लड लावतो. लड मध्येच न विझता शेवटपर्यंत वाजली तर वर्ष बरकतीचं, आणि विझली तर समोरचा वर्षभर दात काढणार. आप्पांच्या समोर खतवाला आसाराम. दोघांची गेली तीस वर्षं लडीवरून चढाओढ. आसारामनं पाच हजार फटाक्यांची लावली की आप्पा दहा हजारांची लावणार. देवीला काय ऐकू गेलं असेल ते असो, पण पेठेतली निम्मी म्हातारी माणसं तेव्हाच बहिरी झाली.

गेल्या वर्षी आप्पांनी अशीच दहा हजारांची लड स्वतःच्या हातानं पेटवली. लड झकास वाजली. धूर खाली बसला तेव्हा गादीवर कटपीस नव्हती. "येईल की, जाती कुठं?" असं म्हणून आप्पा फराळाला बसले. ती रात्रभर आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही. मग मात्र हा माणूस हायवेनं दोन्ही बाजूंनी चार-चार कोस हाका मारत फिरला. तिसऱ्या दिवशी ती हायवेखालच्या एका मोरीत सापडली. मागचा पाय एका गाडीखाली चेचला होता, आणि आप्पांना बघून ती आणखीनच आत सरकली. त्यांच्या उजव्या हाताला तिसऱ्या दिवशीही दारूचा वास येत होता, फटाक्याच्या दारूचा. आप्पांना हे फार लागलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, पण त्या हाताला त्यांनी घरी येऊन तीनदा साबण लावला.

या वर्षी दसरा झाला आणि आप्पा तिला खांद्यावर टाकून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं स्वप्नाली नावाची, परभणीला शिकून आलेली तरणी डॉक्टर. तिनं नळी लावली, बराच वेळ ऐकलं.

"आप्पा, हिचं काळीज थकलंय. गेल्या सालासारखी भ्याली तर पळून जाणार न्हाई आता. जागच्या जागी जाईल."

"मग झोपंची गोळी द्या."

"ती बी झेपायची न्हाई हिला."

"दुसऱ्या गावाला नेऊ का?"

"अनोळखी जागी अजून भिईल. घरातच ठेवा. बिनखिडकीची खोली, ओळखीचा वास. साखळी अजिबात बांधू नका, भ्याली तर गळफास बसंल. फटाक्याच्या आधी फिरवून आणा, पोटात दोन घास घाला. लहान लेकराला गुंडाळत्यात तसं अंगाला मऊ कापड घट्ट गुंडाळा. आणि तिच्या रोजच्या कानातला एखादा आवाज सारखा चालू ठेवा."

"किती वेळ?"

"फटाके वाजतील तवर."

"अवो बाई, हितं आठ दिस वाजत्यात!"

त्यावर डॉक्टरनं फक्त हात वर केले.

आप्पा परत येताना विचार करत आले आणि पेठेत पोचेस्तोवर त्यांच्या डोक्यात बेत शिजला. आठ दिवसांचे फटाके सगळ्या पेठेनं लक्ष्मीपूजनाला एकाच वेळी उडवायचे. सात वाजता, फक्त पाच मिनिटं. काय जीवाला घोर लागायचा तो पाच मिनिटं लागेल आणि संपेल. बेत वाईट नव्हता. पण दुकानोदुकानी जाऊन काय सांगायचं? 'माझी कुत्री भिते' असं? ज्या माणसानं नऊ वर्षं ती आपली नाहीच म्हणून सांगितलं, त्याची जीभ कशी वळावी! आणि तेही आसारामपुढं!

तेव्हा आप्पांनी तेच केलं जे चाळीस वर्षं करत आले. माल खपवला. "आरं, हे फुटकळ फुटकळ काय उडवताय? सगळी पेठ एकदम उडाली पायजे! धारूरपस्तोर आवाज गेला पायजे! गावाची शान हाय का न्हाई?"

धारूर कुठं, चौसाळा कुठं! पण गिऱ्हाईक पटलं. असं पटलं की आप्पांनाच नवल वाटलं. ज्या आसारामनं आयुष्यात आप्पांच्या 'पाऊस येतोय' लाही कधी हो म्हटलं नव्हतं, तो म्हणाला, "आप्पा, पयल्यांदा अकलंचं बोललात." आप्पा घरी येऊन खुशीत म्हणाले, "झालं काम!"

काम कसलं झालं, कल्याण झालं. चौथ्या दिवशी पेठेच्या तोंडाला वीस फुटी बॅनर लागला. 'भव्य दिव्य सामुदायिक आतषबाजी सोहळा.' मधोमध अंगदचा हात जोडलेला फोटो. हा अंगद म्हणजे जिल्हा परिषदेचं तिकीट आज मिळेल, उद्या मिळेल म्हणून सहा वर्षं पांढरे कपडे घालून बसलेला गडी. आणि खालच्या कोपऱ्यात, गोल चौकटीत, आप्पांचा आधार कार्डावरचा फोटो, त्याखाली लिहिलेलं: 'प्रेरणास्थान'.

आप्पा तसेच तणतणत अंगदकडं गेले. "काय बे, हे काय लावलंय?"

"आप्पा, तुमचीच आयडिया! पाच मिन्टात काय व्हतंय? आपण पाऊण तासाचा कार्यक्रम ठेवलाय. एक लाखाची लड, स्टेज, डीजे. पयली वात तुमच्या हातानं."

"रद्द कर."

"कावून?"

आप्पांनी आजूबाजूला बघितलं. समोर अंगदची पाच-सहा माणसं चहा पीत उभी होती. त्यात एक आसारामचा भाचा.

"उगंच म्हणलं," आप्पा म्हणाले आणि माघारी फिरले. उभ्या रस्त्यानं स्वतःलाच शिव्या घालत आले, आणि त्या दिवशीच्या शिव्या खरोखर योग्य माणसाला बसत होत्या.

लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला. आप्पांनी कटपीसला पाच वाजताच ओढ्यापर्यंत फिरवून आणलं, दूधभाकरी चारली. दुकानामागच्या गोदामाला खिडकी नाही आणि चारी भिंतींना कापडाच्या गाठी छतापर्यंत लागलेल्या. तिथं तिची गादी नेली. मग त्यांनी फ्लॅनेलचा कोरा तागा काढला आणि त्यातलं दोन मीटर कापड कापून तिला गुंडाळलं. गिऱ्हाइकाला कधी बोटभर जास्त कापड न देणाऱ्या माणसानं वर आणखी अर्धा मीटर दिलं. "तू बस हिच्यापाशी," ते शांतादेवींना म्हणाले. "मी पाच मिन्टात वात लावून येतो. न्हाई गेलो तर बभ्रा व्हईल." शांतादेवी पूजेच्या पातळावरच गादीशेजारी बसल्या.

स्टेजवर अंगद माईक सोडायला तयार नव्हता. आप्पांच्या गळ्यात हार पडला, हातात पेटती उदबत्ती आली. समोर एक लाखाची लड पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली. तेवढ्यात कुणीतरी हौशी गड्यानं नमुना म्हणून एक सुतळी बॉम्ब फोडला. दुकानांची शटरं थरथरली. आणि आप्पांच्या डोळ्यांपुढं मोरीत मागं मागं सरकणारी ती कुत्री उभी राहिली.

त्यांनी उदबत्ती फेकली, अंगदच्या हातातला माईक हिसकावला.

"आत माजी कुत्री हाय!" आप्पा ओरडले. "माजी! म्हातारी झालीय, भेती ती. मरंल. म्हणून म्हणलं व्हतं पाच मिन्टं. शान-बिन सगळं खोटं. मी खोटं बोललो. आता तरी बंद करा रे!"

आसारामनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. आणि मग अंगदनं माईक परत घेतला. "आप्पांच्या भूतदयेसाठी एकदा जोरदार टाळ्या झाल्या पायजेत!" टाळ्या झाल्या. आणि त्या टाळ्यांतच कुण्या शहाण्यानं लड पेटवली.

आप्पा हार गळ्यात तसाच घेऊन पळाले. सदुसष्टाव्या वर्षी, धोतर हातात धरून. गोदामाचं दार मागं ओढून घेतलं तेव्हा बाहेर आभाळ फाटत होतं. आत आवाज मंद येत होता, पण येत होता. कटपीस शांतादेवींच्या मांडीवर होती, जीभ बाहेर, डोळे पांढरे. आप्पांनी फडक्यात हात घालून तिच्या छातीला लावला. काळीज कसं चाललं होतं ते सांगता येत नाही. मध्येच थांबायचं आणि आप्पांचंही थांबायचं.

"आवाज," शांतादेवी म्हणाल्या. "वळकीचा आवाज पायजे म्हणल्या व्हत्या ना डाक्टरीणबाई? बोला की कायतरी!"

"काय बोलू?"

"रोज काय बोलता?"

रोज शिव्या देतो असं आप्पांच्या ओठावर आलं होतं. पण मग त्यांनी घसा खाकरला. "या ताई, या. बसा. काय दाखवू? रुबिया हाय, पॉपलीन हाय. हात लावून बघा. न्हाई न्हाई, रंग जात न्हाई, गेला तर मला आणून मारा. हे बघा केंब्रिक, लेकराला लई मऊ. मांजरपाट? हाय की. कमी न्हाई व्हणार ताई, एकच भाव." डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण माल दाखवणं चालू होतं. कटपीस नऊ वर्षं रोज दुपारी हेच ऐकत झोपली होती. परकर झाले, टॉवेल झाले, शाळेच्या गणवेशाचं कापड झालं. पाऊण तास म्हणाले होते, तासभर वाजत राहिले. केव्हातरी तिची जीभ आत गेली. मग तिनं आप्पांच्या तळहातावर, त्याच उजव्या तळहातावर, तोंड ठेवलं आणि डोळे मिटले.

"गेली का?" शांतादेवींनी घाबरून विचारलं.

आप्पांनी छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "झोपली," ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "तू जा आता दुकानात. पाव्हणी आली असतील. फराळाचं बघ."

"मी न्हाई जात."

"कावून?"

"अजून वाजायलेत." शांतादेवी गाठीला पाठ घट्ट लावून बसल्या होत्या. "मला भ्याव वाटतंय."

"तुला? कदीपासनं?"

"लगीन झाल्यापासनं. दरसाली लड लावायच्या येळंला दूध उतू जाईल म्हणून मी आत पळते. सणाच्या सांजंला कुटलं दूध ठेवतंय का कोणी चुलीवर? मोरीत बसून कानात बोटं घालते."

आप्पा त्यांच्याकडं वळले. "अगं मग बोलायचं की एकदा!"

"कुणाला बोलायचं? तुमालाच त्याची हौस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "कुत्रीसाठी निदान डाक्टरला तरी इचारलंत."

बाहेर आणखी एक मोठा बार झाला. शांतादेवींनी डोळे गच्च मिटले, खांदे वर घेतले. एक्केचाळीस वर्षांत आप्पांनी हे कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी मांडीवरची कुत्री न हलवता हात लांब केला, फ्लॅनेलचा तागा ओढला आणि न मोजता फाडला. तो शांतादेवींच्या खांद्याभोवती गुंडाळला. मग पुन्हा घसा खाकरून त्यांनी पुढच्या मालाचं नाव घेतलं, या वेळी जरा मोठ्यानं, दोघींना ऐकू जाईल असं.