कौल मानणाऱ्या कमळाताई
कल्याणहून निरोप आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. माझ्या थोरल्या जाऊबाई, कमळाताई, गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढंच. आता महिना उलटून गेला, पण निरोप खरा वाटत नाही…

लग्न होऊन मी ठाण्याला आले तेव्हा टेंभी नाक्याजवळच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे राहायचो. सासूबाईंचा दिवस देवीच्या पूजेने उजाडायचा. कमळाताई देव मानत नव्हत्या. कोणालाही वाटेल, घरात रोज वाजत असेल. छे! ताईंची रीतच वेगळी. समोरच्याचं म्हणणं आधी स्वतःच्या तोंडाने सांगायच्या, "असंच ना?" विचारायच्या, आणि त्याने हो म्हटल्यावरच आपलं बोलायच्या. मला, तापट बाईला, याचा भारी वैताग. "अहो, भांडा की सरळ!" म्हणायचे मी.

माझी शकू पाळण्यात होती तेव्हा आळीत देवीची साथ आली. शेजारचं मूल गेलं. शकूला लस टोचून आणू, असं ताई म्हणाल्या तेव्हा सासूबाई आडव्याच आल्या.

"टोचलं तर देवीला दारातून हाकलल्यासारखं होईल, कोप होईल. असंच ना?" ताईंनी विचारलं.

"असंच."

"मला वाटतं, टोचलं तर पोर वाचेल. पण तुम्हाला डावलून नेणार नाही."

"मग देवीलाच विचारू. कौल मानशील?"

"मानीन."

सासूबाईंनी मूर्तीला ओली फुलं लावली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. दुपारी सासूबाई आडव्या झालेल्या पाहून मी शकूला उचललं. "चला ताई, गुपचूप टोचून आणू."

"शब्द दिलाय गं मी."

"तुमचा शब्द मोठा की माझी पोर?"

ताईंचे डोळे भरले. "पोरच मोठी. पण आज लपून नेलं, तर उद्या या आळीतली एकही सासू माझं ऐकणार नाही. जरा थांब, मी पुन्हा बोलते त्यांच्याशी."

सासूबाई जाग्याच होत्या. उठून देवीपुढे गेल्या. "ही तुला मानत नाही, तरी तुझा कौल मानते. मी जन्मभर मानला, आज एकदा मोडते. राग धरायचा तर माझ्यावर धर, पोरीवर नको." मग शकूला पदराखाली घेऊन दवाखान्यात स्वतः गेल्या. शकू आता शाळेत जाते.

पुढे ताई-भाऊजी कल्याणला राहायला गेले. परवा तिथे गेले होते. ताईंनी बजावून ठेवलेलं, माझं दिवसपाणी, तेरावं काही करू नका. भाऊजींनी ते पाळलं. तेरावंसुद्धा नाही म्हणजे काय, म्हणून मी मात्र धुमसत होते, भांडायलाच निघालेले म्हणा ना. ताईंच्या खाटेसमोर एक वेताची खुर्ची आहे, वाद घालायला येणाऱ्यासाठी ठेवलेली. तिच्यात बसले आणि म्हटलं, "जन्मभर जे मानलं नाही, ते मेल्यावर माझ्या नावाने करू नका. असंच ना, ताई?"

मग तशीच उठले. माझं म्हणणं सांगायचं राहूनच गेलं.