सोमकुवर सरांचे वाचक

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या आमच्या संशोधन ग्रंथालयात मी रुजू झाले, त्या दिवशी सोमकुवर सरांनी रिकाम्या वाचनकक्षात एक खुर्ची ओढली, टेबलावर जुन्या मराठी साप्ताहिकांचा गठ्ठा सोडला आणि पान उघडून ठेवलं. कोणी मागितला, मी विचारलं.

"सावरगावच्या पारबताबाईनं."

"कुठे आहेत त्या?"

"वारल्या. लय वर्षं झाली."

मी ग्रंथपालाच्या हाताखाली काम करायला आले होते, वेड्याच्या नाही. तसं तोंडावर म्हटलंही. सर शांतपणे म्हणाले, "अक्षरं शिकली होती बिचारी, पण जित्ती होती तवा दिवसभर दुसऱ्याच्या वावरात. वाचाले वेळ आता भेटला तिले. तुम्ही काहून घाई करून राहिल्या?"

रविवारी सर सावरगाव, तिगाव, पार लोधीखेड्यापर्यंत फिरत. घराघरांतल्या पेट्यांमधून जुनी वर्तमानपत्रं, सभांची पत्रकं गोळा करत. देणाऱ्याला सांगत, "कवाही या, बसून वाचा." बहुतेक जण यायच्या आधीच वारले. सरांनी बोलावणं मागे घेतलं नाही, एवढंच. शिवाय नियम असा, की जे कोणी मागत नाही ते रद्दीत काढायचं; आणि इथे मराठी कागद मागणारे जिवंत लोक फारसे उरले नव्हते.

तपासणीला साहेब आले तेव्हा हिवाळा होता. पंखे बंद, खिडक्या लावलेल्या. टेबलांवर गठ्ठे उघडे, खुर्च्या ओढलेल्या, माणूस एकही नाही.

"पाठक कहाँ हैं?"

"हळू बोला साहेब. वाचून राहिले."

साहेब हसले. कोपऱ्यातल्या टेबलावरचं एक पान आपोआप उलटलं. मग शेजारच्या टेबलावरचं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं सगळं ते कुजबुजत बोलले आणि चहा न घेता गेले. मी खिडक्या तपासल्या. कड्या घट्ट होत्या.

गेल्या वर्षी सर गेले. लगेच वरून आदेश आला: मराठी विभागाला वाचक नाहीत, गठ्ठे न्यायला गाडी येईल. गाडी आली. हमाल पहिल्या टेबलाकडे वळला, तेवढ्यात दारात चप्पल काढून एक बाई आत आली. कापूस वेचून बोटं चिरलेली.

"सोमकुवर सर सांगत, माही आजी येते इथं वाचाले. पारबता. म्हटलं, पाहून यावं."

वाचक हजर असताना कागद हलवता येत नाहीत, हा नियम मी ड्रायव्हरला ऐकवला. वाचक हजर आहेत, असं सहीनिशी लिहूनही दिलं. गाडी रिकामी परतली.

मी तिला आजीचं टेबल दाखवलं. शेवटच्या दिवशी सरांनी तिथे नव्या गठ्ठ्याचं पहिलं पान उघडलं होतं. त्यानंतर त्या गठ्ठ्याला मी हात लावला नव्हता. आता तो मधोमध उघडा होता.

बाई त्या खुर्चीवर बसली नाही. शेजारची ओढून घेतली आणि हळूच विचारलं, "तिचं कुठवर झालं?"

"अर्धं," मी म्हटलं.